स्वीडिश लॉग, महिना ७: हूसचं शेपूट कधी कापायचं ते कळलं

मागच्या रविवारी जोरात आपटले. उप्सालाच्या बाईंना (आपल्या व्हॉइस मेसेजवाल्या) साताऱ्याच्या जुन्या घरावर वीस ओळी लिहून पाठवल्या, डिक्शनरी न उघडता, एका बैठकीत, आणि परत आल्या तेव्हा चौदा लाल खुणा. त्यातल्या नऊ एकाच जातीच्या. मी सगळीकडे लिहिलं होतं "मित गाम्ला हूसेत", म्हणजे माझं जुनं घर, आणि बाईंनी नऊच्या नऊ वेळा शेवटचं "एत" खोडलं होतं. मित गाम्ला हूस. बाजूला कारण काही नाही. त्यांना कधी कारण लागलंच नसणार, जसं आपल्याला "घोड्यावर" का म्हणतो, "घोडावर" का नाही, हे कधी विचारावं लागलं नाही.

मला वाईट याचं वाटलं की शेपटावर, म्हणजे ठरावीक वस्तू सांगताना नामाच्या शेवटी लागणाऱ्या एन-एतवर, मी दोन महिने घालवलेत. बील म्हणजे गाडी, बीलेन म्हणजे ती गाडी. हूस घर, हूसेत ते घर. मग विशेषण आलं की दुहेरी निश्चिती, दे गाम्ला हूसेत (ते जुनं घर), पुढे "दे", मागे "एत", मधे विशेषणाला "आ", एकाच निश्चितपणाची तीन ठिकाणी नोंद. शेजारचे डॅनिश लोक अशा वेळी मागचं शेपूट सोडून देतात, पुढच्या आर्टिकलवर भागवतात, स्वीडिश मात्र दोन्ही ठेवते. हे एवढं घोटलं होतं की हात आपोआप शेपूट लावायला लागला, आणि नेमका तोच हात नडला.

पहिल्या दिवशी वाटलं सोपं आहे, "मित" आलं म्हणजे घर कुणाचं ते कळलं, शेपटाची गरज संपली. मग विशेषण का बदलत नाही? नुसतं "एक जुनं घर" असेल तर "एत गाम्मलत हूस" होतं. इथे नाम उघडं आहे तर विशेषणही गाम्मलत हवं होतं ना. पण नाही, विशेषण म्हणतंय मी निश्चित आणि नाम गप्प. बुधवारपर्यंत मी याच जागी अडकले. मराठीतून विचार केला तर अजूनच गोंधळ, कारण आपण "माझं ते जुनं घर" असं बिनदिक्कत म्हणतो, माझं पण आणि ते पण, कुणी कुणाला उठवत नाही.

गुरुवारी रात्री सुटलं, आणि सुटलं ते शेपटाचा इतिहास वाचताना. हे शेपूट मुळात प्रत्यय नव्हतंच. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्वीडिशच्या पूर्वज भाषेत, "हिन" असा दर्शक शब्द होता, तो नामाच्या मागे येता येता चिकटून गेला. आइसलँडिकमध्ये जोड अजून दिसतो, "त्या घोड्याचा" म्हणायला "हेस्त्सिन्स", त्यात षष्ठीचा स दोनदा, एक घोड्याचा आणि एक शेपटाचा. म्हणजे शेपूट हे मागे बसलेलं "ते" आहे. आणि विशेषणाचा "आ" म्हणजे "ते" नाही, तो फक्त कळवतो की हा अख्खा गट निश्चित आहे. मालक आला, मित असो नाहीतर षष्ठीचा स असो, की तो "ते"च्या खुर्चीवर बसतो, पुढचं दे जातं, मागचं शेपूट जातं, पण गट निश्चितच राहतो, म्हणून "आ" हलत नाही. हे लक्षात आल्यावर मी उठून मोठ्याने म्हणाले, फारफाष गाम्ला हूस! आजोबांचं जुनं घर. (वडिलांचे वडील म्हणून फारफार, आईचे असते तर मुरफार. आपण दोघांनाही आजोबा म्हणून मोकळे होतो, इथे आधी ठरवायला लागतं.)

फारफाष हे टायपो नाही हं. मध्य स्वीडनच्या बोलीत र आणि स एकत्र आले की ष होतो, र-त चा ट, र-न चा ण. म्हणून मूल म्हणजे "बाण", ते मूल "बाणेत", ती मुलं "बाणेन". काळा समुद्र "स्वाटा हावेत". गाड्यांचं अनेकवचन "बीलार", शेपूट लागलं की "बीलाणा". हा ण आपल्या तोंडात तयार आहे! बाईंनी माझं बाणेन ऐकून एवढंच लिहिलं की हा उच्चार शिकवावा लागला नाही, आणि मी तो मेसेज जपून ठेवलाय. (दक्षिणेकडे, स्कोनेत, हा प्रकार नाही, तिथे र घशातून येतो.)

शुक्रवारी खुर्चीचा नियम घेऊन बाकीचे शब्द तपासले. साम्मा (तोच), नेस्ता (पुढचा), देन्ना (हा), तिघं मालकासारखे वागतात, साम्मा गाम्ला बील, शेपूट नाही. छान. मग देन हेर आला, अर्थ देन्नासारखाच, "ही", पण देन हेर बीलेन, शेपटासकट. हेही ठीक, देन (बीलसारख्या एनवाल्या नामांचं "दे") आतच आहे, म्हणजे जुनी दुहेरी जोडी. पण फॉरा वेकान, मागचा आठवडा? पुढे काही नाही, मागे शेपूट आहे. आणि पुढचा आठवडा नेस्ता वेका, शेपूट नाही. सख्खी भावंडं आणि वळण वेगळं. गाम्ला स्तान (स्टॉकहोमचं जुनं शहर), वीता हूसेत (व्हाइट हाउस), ही नावंसुद्धा फॉरासारखी, पुढचं देन-दे गळलेलं.

इथे लिहिता लिहिताच सुचलं. माझी कार्डं निळी-पिवळी आहेत, एन लिंगाच्या नामांची निळी, एत लिंगाच्या नामांची पिवळी. लिंगासाठी ठीक होतं, साधारण चारातली तीन नामं एनचीच, पिवळी तेवढी पाठ केली की झालं. पण शेपटाचा निर्णय नाम घेतच नाही, तो पुढचा शब्द घेतो. मग कार्डं पुढच्या शब्दावर लावायची, तीन डबे: शेपूट हवं, शेपूट नको, पुढचं आर्टिकल गळतं. अनेकवचनाचे पाच गट या महिन्यात करणार होते, ते पुढे ढकलले. एकेकटे शब्द विचारणारं ॲप मी आजच काढून टाकलंय, त्यात हा प्रश्न कधी पडलाच नसता. त्याऐवजी स्वेन्स्का डॉट एसई उघडा, फुकट आहे, स्वीडिश अकादमीचे तिन्ही शब्दकोश एका सर्चमध्ये, त्यातल्या मोठ्या ऐतिहासिक कोशाची छपाई १८९३ ला सुरू झाली आणि २०२३ ला पूर्ण झाली. हूस टाकलं की शेपूट आणि अनेकवचन एका ओळीत समोर.

तिथेच "लागेन" सापडलं. एन लाग म्हणजे कायदा, एत लाग म्हणजे संघ, तर लागेन म्हणजे तो कायदा किंवा ते सगळे संघ. आणि "आन्देन", बदक किंवा आत्मा, हे तर स्वराघातावर ओळखायचं. बदकाचा मूळ शब्द एका अक्षराचा, शेपूट लागलं तरी आघात एकअक्षरी शब्दाचाच राहतो, कारण शेपूट तेव्हा वेगळा शब्द होतं. परत तीच गोष्ट! आघात पुढच्या महिन्यात घेणार होते, आता आजपासूनच रोज दहा मिनिटं.

काल रात्री घर परत लिहून पाठवलं. सकाळी आलं, सगळ्या शेपटांवर बरोबर, लाल खूण फक्त एक. "माझं स्वतःचं घर" मी नियमाने मित एग्ना हूस केलं होतं, बाईंनी करून दिलंय मित एगेत हूस. मालक पुढे बसलाय आणि तरी विशेषण "आ" घेत नाही. हे एगेन कुठल्या डब्यात टाकू? कुणी सोडवलं असेल तर प्लीज सांगा, मी आज दिवसभर यावरच आहे.