पाच आठवडे रिकामा टँक आणि मग एक बोटभर फायरफिश

आमच्याकडे पाच आठवडे टँक होता आणि त्यात मासा नव्हता. नुसतं खारं पाणी, वाळू, दगड आणि घरघरणारा पंप. घरी येणारा प्रत्येक जण वाकून बघायचा आणि विचारायचा, "मासे मेले का?" आईचं तर ठरलेलं वाक्य होतं, "दिवा लावून पाण्याची पूजा चाललीय हिची."

गोड्या पाण्यातले मासे मी बरीच वर्षं पाळलेत. वाटलं, मीठ घातलं की झालं. पण ते मीठच वेगळं असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं सगळं असतं. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम घालायचं, बादलीत रात्रभर पंपानं ढवळत ठेवायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं छोटं यंत्र) थेंब टाकून विशिष्ट गुरुत्व 1.025 आलंय का बघायचं. त्यात मी एक ढोबळ चूक केली. वाफ होऊन पाणी कमी झालं की खारं पाणीच ओतायचे. वाफ पाण्याची होते, मीठ तिथंच राहतं, हे शाळेत शिकले होते. तरी रिफ्रॅक्टोमीटरवर 1.029 दिसेपर्यंत डोक्यात आलं नाही. तेव्हापासून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच.

ते पाच आठवडे 'सायकल'साठी, म्हणजे घाणीचा निचरा करणारे जिवाणू टँकमध्ये रुजण्यासाठी होते. घाणीतून अमोनिया तयार होतो, तो माशाला विष. दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात, पण त्यांची वस्ती जमायला वेळ लागतो. मासा नाही तर घाण कुठून येणार? म्हणून मी रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकायचे. (आईनं हेही पाहिलं.) दर दोन दिवसांनी टेस्ट किटच्या नळीत पाणी घ्यायचं आणि रंग बघायचा. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे नाही. सलग पिवळा आला आणि नायट्राइटही शून्यावर गेलं, तेव्हा मासा आणला.

फायरफिश. फार तर नऊ सेंटिमीटर वाढतो. तोंड पिवळसर, अंग पांढरं आणि शेपटीकडे जाता जाता निखाऱ्यासारखं लाल. पाठीवर एक लांब पर, तो सारखा वर-खाली हलवतो. पिशवीतलं पाणी 1.020 होतं, म्हणून बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब सोडत तासभर बसले. मग त्याला अलगद टँकमध्ये सोडला आणि तो दगडाखालच्या बिळात दिसेनासा झाला.

चार दिवस दर्शन नाही. वितळवलेली मायसिस कोळंबी त्याच्या दारात नेऊन ठेवली, तरी शिवला नाही. मग लक्षात आलं की हा वाळूवरचं टिपणारा मासाच नव्हे. प्रवाळात हा प्रवाहाकडे तोंड करून अधांतरी थांबतो आणि वाहत येणारे सूक्ष्म जीव खातो. मी ड्रॉपरनं कोळंबी पंपाच्या धारेत सोडली. तुकडे तरंगत बिळापुढून गेले. आधी पिवळं तोंड बाहेर आलं, मग पर उभा राहिला आणि एक तुकडा गायब!

तिसऱ्या आठवड्यात तो खरंच गायब झाला. हा जात्याच उडी मारणारा, हे माहीत होतं, म्हणून वर काच होती. पण मागे वायरींसाठी दोन बोटांची खाच सोडलेली होती. सकाळी बीळ रिकामं. मी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी, सोफ्याखाली, पडद्यामागे शोधतेय. शेवटी मागच्या फिल्टरच्या कप्प्यात, पंपाशेजारी, तो निवांत उभा! खाचेतून उडून थेट तिकडे पडला होता. दोन इंच इकडेतिकडे झाला असता तर फरशीवर वाळलेला सापडला असता.

त्याच दिवशी खाच बारीक जाळीनं बंद केली. एकदम अंधारानं तो दचकून उडू नये म्हणून आता टँकचा दिवाही एकदम घालवत नाही. आधी खोलीतला लावते, टँकचा बंद करते आणि बऱ्याच वेळानं खोलीतला. तरी कधीतरी रात्री जाळीवर 'टप्' असा बारीक आवाज येतो. उठून बघावं, तर हा तोवर बिळात.