गाडी पॉलिश करायला स्वस्तातलं मशीन चालेल का?

उत्तर आधी देतो. ड्युअल अ‍ॅक्शन प्रकारचं, म्हणजे दुकानात ज्याला नुसतं 'डीए' म्हणतात ते, चार ते सात हजारांच्या आसपासचं मशीन घरच्या एक-दोन गाड्यांसाठी घ्यायला काहीच हरकत नाही. त्याहून स्वस्तात मिळणारं रोटरी, म्हणजे पॅड नुसता गोल फिरवणारं, मशीन नवशिक्याने घेऊ नये. आणि घरातल्या अँगल ग्राइंडरला फोमचा पॅड लावून गाडीवर फिरवायचा विचार असेल, तर तो आजच सोडून द्या.

या सगळ्याचं मूळ एका पातळ थरात आहे. कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट, पेंटर ज्याला लॅकर म्हणतात तो, जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. पॉलिश करणं म्हणजे चरे बुजवणं नव्हे. चऱ्याच्या तळाच्या पातळीपर्यंत आजूबाजूचा लॅकर घासून खाली आणणं, हे ते काम. हलक्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंड, म्हणजे घासणारी दाणेदार पेस्ट, आणि लोकरीच्या वुल पॅडला त्याहून बरेच जास्त. उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यं याच लॅकरमध्ये असतात, म्हणून गाडीच्या पूर्ण आयुष्यात सात-आठ मायक्रॉनच्या पुढे जाऊ नये. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो या हिशेबात बसतच नाही. त्याला टच-अप करा, मशीन लावू नका.

आता ग्राइंडरचं गणित पाहा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्यावर १२५ मिमीचा पॅड बसवला की पॅडची कड सेकंदाला ७२ मीटर वेगाने धावते. तोच पॅड रोटरी पॉलिशरवर १,२०० फेऱ्यांना चालवला तर हा वेग सेकंदाला आठ मीटरच्या आत राहतो. नऊपट वेगाचं घर्षण एका जागी तीन-चार सेकंद टिकलं तरी लॅकर मऊ पडून ओढला जातो, आणि पॅडचं वेल्क्रो चिकटवलेला गोंद वितळून फोम उडतो तो वेगळाच. व्हेरिएबल स्पीडचा ग्राइंडरही सहसा ३,००० च्या खाली येत नाही, आणि रोटरीचं काम सुरू होतं ६०० ला. बाजारात मिळणारा 'पॉलिशिंग अडॅप्टर' आटी जुळवून देतो, वेग कमी करत नाही.

ड्रिल मशीनला ७५ मिमीचा पॅड लावून हेडलाइट साफ करता येतात. पिवळ्या पडलेल्या काचेसाठी ते पुरेसं आहे. पूर्ण गाडी त्याने करायला घेऊ नका: ड्रिलचं चक आणि बेअरिंग आडव्या दाबासाठी बनवलेलं नसतं, आणि पॅड सपाट धरता येत नाही.

रोटरी आणि डीए यांतला फरक नीट समजून घ्या. रोटरीचा पॅड एकाच अक्षावर गोल फिरतो, त्यामुळे सगळी उष्णता एका वर्तुळात साठते. अनुभवी हातात ते झपाट्याने चरे काढतं, पण सरावाच्या आधी पॅनेलवर होलोग्राम उमटतात, म्हणजे उन्हात गाडी फिरवली की सरकताना दिसणारे पट्टे. डीएचा पॅड फिरतो आणि सोबत अक्षाभोवती झुलतोही. झुलण्याचा व्यास स्वस्त मशीनमध्ये बहुधा ८ मिमी असतो, महागात १५ किंवा २१ मिमी. इटलीच्या रूपेस कंपनीने हा मोठ्या व्यासाचा प्रकार लोकप्रिय केला. जास्त दाबलं किंवा पॅड तिरपा झाला की डीएचं गोल फिरणं आपोआप थांबतं. हीच त्याची सुरक्षितता. आणि स्वस्त डीएची मुख्य तक्रारही हीच, कारण त्यात ते जरा लवकरच थांबतं.

यावर उपाय आहे. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर चिकटतो तिच्या, कडेवर काळ्या मार्करने एक जाड रेघ ओढा. काम करताना ती रेघ सेकंदाला निदान चार-पाच वेळा फिरताना दिसली पाहिजे. रेघ जागच्या जागी थरथरत असेल तर पॅड नुसता कंप पावतोय, कापत काहीच नाही, आणि तुम्ही कंपाउंड वाया घालवताय. मग तीन गोष्टी तपासा: हाताचा दाब, पॅडचा कोन आणि पॅडची जाडी. मशीनबरोबर फुकट येणारे मऊ, दोन इंची जाड स्पंज झुलण्याची सगळी हालचाल स्वतःत जिरवून टाकतात. २५ मिमी जाडीचा घट्ट फोम लावला की तेच मशीन वेगळं वाटू लागतं.

दाबाचा अंदाज घ्यायला घरातला वजनकाटा पुरतो. मशीन बंद ठेवून, पॅड खाली करून काट्यावर ठेवा आणि दोन्ही हातांनी दाबत आकडा पाच ते सहा किलोवर आणा. यात मशीनचं स्वतःचं अडीच किलोच्या आसपासचं वजन धरलेलं आहे. तो दाब दहा-बारा सेकंद हातात मुरू द्या. बहुतेकांना हे अपेक्षेपेक्षा कमी वाटतं. उभ्या पॅनेलवर, म्हणजे दारांवर, मशीनचं वजन मदतीला नसतं, तिथे मुद्दाम जोर लावावा लागतो.

स्वस्त मशीनमध्ये नेमकी बचत कुठे केलेली असते? सर्वांत आधी स्पीड कंट्रोलमध्ये. चांगल्या मशीनमधलं सर्किट भार वाढला की करंट वाढवून फेरे कायम ठेवतं. स्वस्तात नुसता डायल असतो. दाबलं की वेग पडतो, उचललं की एकदम वाढतो आणि कंपाउंडचे शिंतोडे काचेपर्यंत उडतात. हे सांभाळता येतं: पॅनेलवर टेकवूनच चालू करायचं, टेकलेलं असतानाच बंद करायचं. दुसरी बचत बेअरिंग आणि वजनसंतुलनात. डीएच्या आत पॅडच्या झुलण्याला तोल देणारं वजन असतं. ते ढोबळ बसवलेलं असेल तर अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात. पेटीवर छापलेल्या वॉटकडे फारसं लक्ष देऊ नका. तो आकडा विजेच्या वापराचा असतो, पॅडपर्यंत पोचणाऱ्या ताकदीचा नसतो.

दुकानात जाऊन घेणार असाल तर मशीन तिथेच पाच मिनिटं बिनभाराचं चालवायला लावा. पुढचं डोकं हात टेकवता येणार नाही इतकं तापत असेल तर सोडून द्या. डायल सर्वांत खाली असताना मशीन अडखळत चालतंय का, मधले आकडे खरोखर वेगळा वेग देतात का, प्लेट फिरताना कड वरखाली होते का, हे डोळ्यांनी दिसतं. कार्बन ब्रश बाहेरून स्क्रूने उघडणाऱ्या झाकणाखाली हवेत, आणि त्याची जादा जोडी पेटीत किंवा त्याच दुकानात मिळायला हवी. पाटीवर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण नसेल तर घेऊ नका. धुतलेल्या, ओल्या फरशीवर हे चालवायचं आहे.

आटीची एक गंमत नसलेली गोष्ट. रोटरीचा स्पिंडल, म्हणजे प्लेट बसते तो दांडा, आपल्याकडे बहुधा एम १४ असतो, तिथे अडचण येत नाही. डीएमध्ये मात्र एम ८ आणि ५/१६ इंच अशा दोन आट्या चालतात. जाडी जवळपास सारखीच, ७.९४ आणि ८ मिमी, पण आटीचं अंतर वेगळं. चुकीची प्लेट एक-दीड फेरा आत जाते आणि अडते. तिथे पाना लावला की स्पिंडलची आटी गेली. प्लेट हाताने चार फेरे सहज गेली तरच ती बरोबर. १५० मिमीची प्लेट काढून १२५ ची लावल्याने वळणाच्या भागांवर पॅड नीट फिरतो, पण कंप वाढला असं जाणवलं तर मूळ प्लेटवर परत या. आतलं संतुलन तिच्या वजनाला धरून केलेलं असतं.

मशीनवर वाचवलेले पैसे पॅड, कंपाउंड आणि मायक्रोफायबरवर घाला. माझ्या मते इथेच लोक उलटं करतात. १२५ मिमी प्लेटसाठी कटिंगचे तीन आणि फिनिशिंगचे दोन फोम पॅड एका गाडीला लागतातच, कारण दोन पॅनेलनंतर पॅड गरम आणि ओला होतो आणि कापायचा थांबतो. पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा पिवळा पॅड कटिंगचा असेल, तर दुसरीचा पिवळा सगळ्यात मऊ असू शकतो. २५० मिलीची कंपाउंडची बाटली हॅचबॅकला पुरून उरते. जाड मायक्रोफायबर कपडे निदान आठ हवेत.

काम सुरू करण्याआधी गाडी शांपूने धुवा, मग क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटून बसलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवा. पॉलिथिनची पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवली तर खरखर लागते, तीच क्ले बारने काढायची असते. ती न काढताच पॅड फिरवला तर तीच चिकटलेली धूळ नवे चरे काढते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आधी पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने मऊ करून पाहा, मिनिटभरात धुऊन टाका. बरेचसे तिथेच निघतात. मग बॉनेटची घडी, दारांच्या कडा, छपराच्या रेषा आणि रबर-प्लॅस्टिकवर मास्किंग टेप. कडेवर लॅकर मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या रेषेवर येतो. रंग जळण्याच्या बहुतेक घटना तिथेच होतात.

गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड. आधी ४० बाय ४० सेंमीचा एकच चौकोन करून बघा. नव्या पॅडवर कंपाउंडचा हलका थर पसरा आणि नंतर हरभऱ्याएवढे चार थेंब. डायल १ वर ठेवून पसरवा, मग ४ किंवा ५ वर न्या. सेकंदाला चार सेंटीमीटर, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढवत, आधी आडवं, मग उभं. असे चार पूर्ण फेरे, म्हणजे एका चौकोनाला साधारण चार मिनिटं. पूर्ण बॉनेटला तास लागतो, तो लागू द्या. पुसून झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं १० ते १५ टक्क्यांचं पाण्यातलं मिश्रण फवारून पुन्हा पुसा. स्वस्त कंपाउंडमध्ये चरे तात्पुरते झाकणारं तेल आणि वॅक्स असतं, ते यात निघून जातं आणि खरं काय झालंय ते मोबाइलच्या टॉर्चखाली दिसतं. चरे राहिले असतील तर दाब वाढवू नका. पॅड किंवा कंपाउंड एक पायरी जाड घ्या. समाधान झालं तरच उरलेली गाडी.

पॅडवर उतरणारा मळ पांढरा असायला हवा. गाडीच्या रंगाचा उतरला तर ताबडतोब थांबा. एकतर लॅकर संपला, किंवा त्या पॅनेलवर लॅकर मुळातच नव्हता. जुन्या गाड्यांच्या साध्या पांढऱ्या-लाल रंगात आणि व्यापारी वाहनांत असा एकाच थराचा रंग सापडतो. तिथे रंग पॅडवर येणारच, म्हणून आधी आतल्या, न दिसणाऱ्या भागावर कापडाने कंपाउंड घासून खात्री करा. बंपर प्लॅस्टिकचा असतो, पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाही, म्हणून तिथे डायल एक आकडा खाली. जाडी मोजायचा मीटर घेतलात तर तो एकूण थर सांगतो, लॅकर किती उरला ते नाही, आणि बंपरवर साधा मीटर चालतच नाही. एखाद्या दारावर ३०० मायक्रॉन दिसले म्हणजे तिथे भरपूर लॅकर आहे असं समजू नका. तिथे बहुधा पुन्हा रंगकाम झालेलं असतं किंवा पुट्टी असते.

पार्किंगपर्यंत लांब वायर न्यायची असेल तर १.५ चौरस मिमीची एक्स्टेंशन घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा. बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, वेग घसरतो आणि दोष मशीनला लागतो. वायर खांद्यावरून मागे टाका. दारावर घासणारी वायर नवीन चरे काढते. म्हणून बॅटरीचं मशीन घ्यावं का? स्वस्तातलं नको. '२१ व्होल्ट' म्हणजे पूर्ण चार्ज केलेले पाच सेल, जे प्रत्यक्षात १८ व्होल्टचे असतात. '४८' छापलेल्या कित्येक पॅकमध्येही आत तेच पाच असतात. २ अँपिअर-अवरचा असा पॅक ३६ वॉट-अवर साठवतो, आणि २०० वॉट भाराला तो दहा-अकरा मिनिटांत संपतो. अर्ध्या बॉनेटलाही पुरणार नाही.

काम झाल्यावर पॅड लगेच कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून दाबून धुवा, पिळू नका, आणि वेल्क्रोची बाजू वर करून सावलीत वाळवा. कंपाउंड आत सुकलं की पॅड दगडासारखा होतो आणि पुढच्या वेळी तोच रंगावर ओरखडे काढतो. कार्बन ब्रश मूळ लांबीच्या एक-तृतीयांश उरले की जोडीनेच बदला.