धर, पण ओढू नकोस

पुलगेटला रस्ता ओलांडताना मी आजोबांचा दंड धरला की ते म्हणायचे, "धर, पण ओढू नकोस." म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असंच मला वाटायचं. गेल्या आठवड्यात त्यांची लोखंडी ट्रंक आवरली. डांबरगोळ्यांच्या वासात आजोबांचा एक फोटो निघाला. जाड कोट, कानटोपी, मागे काटेरी तारा. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं: 'हिंद नगर, डिसेंबर 53'. हिंद नगर म्हणजे कोरियातली भारतीय फौजेची छावणी.

कोरियाचं युद्ध जुलै 1953 मध्ये थांबलं, पण मायदेशी परतायला तयार नसलेल्या कैद्यांचं काय, यावर घोडं अडलं होतं. चीन-उत्तर कोरियाच्या बाजूचे 22 हजारांहून जास्त, अमेरिका-दक्षिण कोरियाच्या बाजूचे 359. पाच देशांच्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख आपले शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तर भारतीय जवानाला आपल्या मातीवर पाऊलही ठेवू दिलं नाही. जहाजावरून अमेरिकी हेलिकॉप्टरनं सगळ्यांना थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं.

आजोबांची ड्युटी तंबूत. कैद्याला आत आणायचं, त्याच्या देशाचे अधिकारी त्याला 'घरी चल' म्हणून समजावणार. बाहेर पडायला दोन दारं: एक मायदेशाकडे, एक परत छावणीत. कैदी ओरडायचे, अंगावर धावून जायचे, म्हणून जवानांनी दंड धरलेले. "माझा हात जरा जरी एका दाराकडे कलला असता," आजोबा सांगायचे, "तर त्याचा जन्म मी ठरवला असता."

कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवलं, तेव्हा थोरात मोजक्या लोकांनिशी आत गेले आणि गोळी न झाडता त्यांना सोडवून आणलं. पण ऑक्टोबरमध्ये गोळीबार झाला, कैदी मेले. त्या भागाशी आले की आजोबा पाणी मागायचे.

म्हणूनच तटस्थ राहण्याला कुणी तळ्यात-मळ्यात म्हटलं की माझं डोकं तापतं. दोन्हीकडचे शिव्या देत असताना हात सरळ ठेवायला किती ताकद लागते, ते मी त्या म्हाताऱ्या दंडात पाहिलंय.

जानेवारी 1954 मध्ये कैदी ज्यांच्याकडून आले त्यांच्याकडे परत सोपवले गेले. 88 जणांना दोन्ही दारं नको होती, ते भारतात आले. परतीच्या जहाजावर त्यातल्या एका पोराला आजोबांनी मराठी आकडे शिकवले. 'एकोणीस'ला त्याची जीभ अडखळायची, म्हणे. अठरानंतर तो थेट वीस म्हणायचा.