मुक्या अक्षरांची वही

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला आणि सगळ्यात आधी आठवला तो कापलेला अर्धा गुण.

मी गोव्यातल्या चोडणचा. शाळेला यायचं म्हणजे रोज फेरीबोटीनं रायबंदरला उतरायचं. सातवीत ‘माझं गाव’ या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. आमचं गाव म्हणजे बेट, हे मी पहिल्याच ओळीत ऐटीत लिहिलं आणि ‘आयलंड’मधला एस खाऊन टाकला. घरी आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज अमदानीतले कागद होते. त्यांवर आमच्या तिसवाडी तालुक्याचं नाव ‘इल्याश’, म्हणजे बेटं. त्यातही एस होता तो शेवटी, अनेकवचनाचा. मधे कुठेच नव्हता. मग माझं काय चुकलं?

इंग्रजीच्या सरांनी वहीवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, “अरे बाब, तू चारशेहून जास्त वर्षं उशिरा जन्मलास. तेव्हा परीक्षेला बसला असतास तर पूर्ण गुण होते!” ‘आयलंड’ हा शब्द इंग्रज पूर्वी एसशिवायच लिहीत. पुढे विद्वानांना वाटलं की याचं नातं लॅटिनमधल्या ‘इन्सुला’शी, म्हणून सोळाव्या शतकात मधे एस येऊन बसला. नातं नव्हतंच. “न आलेल्या पाहुण्याचा पाट,” सर म्हणाले. एवढं सगळं सांगून झालं आणि अर्धा गुण मात्र कापलाच!

त्यानंतर त्यांनी आम्हाला एक वेगळी वही घालायला लावली. दर पानावर अक्षरांची एक जोडी, तिचे शब्द, समोर अर्थ, आणि शेवटी एकच प्रश्न: हे मुकं अक्षर घरचं की उपरं?

पहिलं पान के-एनचं. नी म्हणजे गुडघा, नो म्हणजे जाणणे, नॉट म्हणजे गाठ, नीड म्हणजे कणीक मळणे. (पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, उंड्यांमुळे हा शब्द वर्गात एकालाही पाठ करावा लागला नाही.) एरवी कोणीही ‘के सायलेंट’ म्हणून पुढे गेलं असतं. सरांनी फळ्यावर ‘नी’च्या बाजूला ‘जानु’ लिहिलं आणि विचारलं, “दिवेलागणीला रामरक्षा कोण म्हणतं?” बरेच हात वर. “आजानुबाहू म्हणजे?” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. मग ‘नो’च्या बाजूला त्यांनी ‘ज्ञा’ लिहिलं. एकाच जुन्या भाषेतून संस्कृत आणि इंग्रजी ही दोन्ही घरं निघाली. आपल्याकडे ज राहिला, तिकडे त्याचा क झाला. हा क इंग्रज सतराव्या शतकाच्या आसपासपर्यंत तोंडानं म्हणत असत. “आणि त्यांना हसू नका. ज्ञ मधला ज तुम्ही तरी सरळ म्हणता का? आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात.”

मग सगळ्या वर्गानं जुन्या इंग्रजांसारखा उच्चार करायचा ठरलं. “क्नी! क्नॉट! क्नाइफ!” चाळीस पोरं बाकं बडवत ओरडत होती. दारात मुख्याध्यापिकाबाई. “कितें चल्लां हांगा?” सर शांतपणे म्हणाले, “उच्चार, बाई.”

जी-एचचं पान मात्र माझं सगळ्यात लाडकं. ‘नाइट’ म्हणजे रात्र, त्यातला जी-एच घशातून, खाकरल्यासारखा म्हटला जायचा, स्कॉटलंडच्या बोलीत तो अजून ऐकू येतो. आणि ‘नाइट’चा आपल्याकडचा भाऊ ‘नक्त’. माझी आजी श्रावणी सोमवारी नक्त करायची, म्हणजे दिवसभर उपास आणि जेवण रात्री. तिला घरी जाऊन सांगितलं की तुझ्या नक्तात इंग्रजी आहे. ती म्हणाली, “म्हणजे आता ते बाटलं की काय?” ‘डॉटर’ आणि ‘दुहिता’ हेही त्याच पानावर. पण ‘डिलाइट’मधला जी-एच उपरा, ‘लाइट’चं बघून घेतलेला. जसा ‘कुड’मधला एल, ‘वुड’ आणि ‘शुड’ या शेजाऱ्यांचं बघून. आणि ‘घोस्ट’मधला एच म्हणे छपाईवाल्यांनी घातला. विल्यम कॅक्स्टननं 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. फ्लेमिश लोकांत राहून आलेला माणूस, त्यांच्या वळणानं भुतालाही एच लागला.

डब्ल्यू-आर: रिंग म्हणजे पिळणे, रिस्ट म्हणजे मनगट, रेंच म्हणजे पाना, रिगल म्हणजे वळवळणे. सगळ्यांत पीळ आहे. ‘राँग’सुद्धा मुळात वाकडंच. या पानावर सर फार थांबले नाहीत.

‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातल्या बीची गंमत वेगळी. फ्रेंचांकडून शब्द आला तेव्हा बी नव्हता. लॅटिन ‘देबितुम’ आठवून तो परत बसवला. वडिलांच्या दुकानातल्या उधारीच्या वहीला आजोबा ‘देबितु’ म्हणायचे, त्यांच्या तोंडी तो बी चांगला खणखणीत वाजायचा. उधारी मात्र वसूल व्हायची नाही.

आज मी पणजीत एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. मुकी अक्षरं गळली आहेत का ते बघण्याचा पगार मिळतो म्हणा ना! ती वही अजून आहे. एका पावसाळ्यात फेरीवर भिजली, निम्मी शाई पसरली. पण शेवटचं पान वाचता येतं. एम-बी: लॅम, कोम, क्लाइम, थम, लिम, क्रम. कोकरू, कंगवा, चढणे, अंगठा, अवयव, पावाचा चुरा. खाली सरांचा प्रश्न, ‘यातले घरचे किती, उपरे किती? सुट्टीत शोधा.’ सुट्टीनंतर आम्ही आलो तर सरांची बदली झालेली.

उत्तर मी नोकरीला लागल्यावर, सेंट्रल लायब्ररीतल्या जाडजूड कोशात शोधलं. सर, इथेच लिहितो. लॅम, कोम आणि क्लाइम यांचा बी घरचा. थम, लिम आणि क्रम यांचा उपरा. तीन-तीन. वही तपासायची राहिली आहे.