ग्रंथावर चवरी का ढाळतात?

मी नांदेडचा असल्यामुळे सचखंड गुरुद्वारा पाहून आलेले पाहुणे घरी टेकले, की मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: शीख मूर्तिपूजा मानत नाहीत, तर मग ते गुरू ग्रंथसाहिब या आपल्या ग्रंथावर चवरी का ढाळतात आणि रात्री त्याला निजवतात कशासाठी? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. मात्र मी शीख नाही, त्यांचा शेजारी आहे, हे आधीच सांगतो.

गुरू नानकांचा जन्म 1469 मध्ये तलवंडीत, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील ननकाना साहिब येथे झाला. सुलतानपुरात दौलतखान लोदी या सुभेदाराच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्यकोठारात, त्यांनी नोकरी केली, मग दूरदूरचा प्रवास केला आणि अखेरची वर्षे रावीकाठच्या करतारपुरात शेती करत काढली. संन्यास नको, कष्टाने मिळवावे, नाम जपावे आणि मिळालेले वाटून खावे, ही त्यांची शिकवण त्या शेतातच आचरणात आली. लंगरात सगळ्यांनी एका पंगतीत जमिनीवर बसायचे, हा त्याचाच भाग. पंढरीच्या वाळवंटाशी नाते सांगणाऱ्या आपल्या माणसांना त्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये.

नानकांचा परमेश्वर एक, निराकार, निर्भय, निर्वैर आणि जन्ममरणापलीकडचा असल्यामुळे त्याची मूर्ती संभवतच नाही. राहिला प्रश्न गुरूचा. सिद्धयोग्यांशी झालेल्या संवादाच्या त्यांच्या रचनेत ‘तुझा गुरू कोण?’ असे विचारले जाते, तेव्हा शब्द हाच गुरू असे उत्तर येते, आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली मला तिथेच सापडते. शीख धर्म म्हणजे हिंदू आणि इस्लाम यांची गोळाबेरीज, असे सांगून मोकळे होणाऱ्यांना ही किल्ली कधीच सापडत नाही.

गुरुपण देहात नसून शब्दात असेल, तर ते वारशाने मुलाकडे जाण्याचे कारण नाही. नानकांनी आपल्या दोन मुलांना बाजूला ठेवून लेहणा या शिष्याला गुरू अंगद केले. 1699 च्या बैसाखीला आनंदपुरात दहावे गुरू गोविंदसिंग यांनी पाच जणांना अमृत, म्हणजे दीक्षेचे पाणी, देऊन खालसा हा दीक्षित शिखांचा समुदाय स्थापला आणि मग त्याच पाच जणांसमोर हात जोडून स्वतः अमृत घेतले. परंपरेनुसार त्या पाचांतला एक, साहिबचंद, आमच्या शेजारच्या बिदरचा न्हावी होता.

पुढे 1708 मध्ये इथे, गोदाकाठी, देह ठेवण्यापूर्वी गोविंदसिंगांनी यापुढे ग्रंथच गुरू असे ठरवले. म्हणून तो ग्रंथ पूजेची वस्तू नसून दरबारात बसलेला गुरू आहे: पहाटे तो उघडून मांडतात तो त्याचा ‘प्रकाश’, रात्री मिटून निजवतात ते ‘सुखासन’, आणि त्याच्या 1430 पानांना पाने न म्हणता ‘अंग’ म्हणतात. रोज तो उघडून समोर येईल तो शब्द वाचतात आणि तो त्या दिवसाचा हुकूम मानतात.

पाचवे गुरू अर्जन यांनी या ग्रंथाचे मूळ रूप सिद्ध करून 1604 मध्ये ते अमृतसरच्या हरिमंदिरात ठेवले, तेव्हा त्यात गुरूंच्या वाणीबरोबर विणकर कबीर, चर्मकार रविदास, सूफी शेख फरीद आणि आपले शिंपी नामदेव यांच्याही रचना घेतल्या होत्या. नामदेवांची एकसष्ट पदे त्यात आहेत. एखाद्या सकाळी त्यांतलेच एखादे पद हुकूम म्हणून निघते, आणि ज्यांना पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाची पायरी मिळाली, त्यांच्या शब्दांवर चवरी ढाळली जाते.