रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. काउंटरवर ते जमत नाही. मागून कुणी खोकल्याचं औषध मागत असतं, कुणाला सुटे पैसे हवे असतात, आणि तेवढ्यात तुम्ही पिशवीतून लॅबचा कागद काढून विचारता, "ताई, रिपोर्ट नॉर्मल आलाय. आता ही चरबीची गोळी बंद केली तर चालंल का?" तासगावात मेडिकल चालवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. हा प्रश्न आला नाही असा आठवडा मला आठवत नाही. विचारणारे बहुतेक कोण असतात? एकदा अटॅक येऊन गेलेले, सांगली-मिरजेला जाऊन स्टेंट, म्हणजे हृदयाची नस उघडी ठेवणारी जाळी, टाकून आलेले, नाहीतर साखर आणि बीपी दोन्ही दहा-दहा वर्षं सांभाळणारे. ज्यांना ही गोळी सगळ्यात जास्त लागते, नेमके तेच.

उत्तर आधीच सांगते. कोलेस्टेरॉल उतरवणारी ही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. पण एवढं बोलून थांबले तर तुम्ही मान हलवाल आणि पुढच्या महिन्यात पाकीट न्यायला येणार नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून कारणही सांगते.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी विहीर खोदलीय. तळाला काम चालू असताना मोटार चालू ठेवावी लागते, कारण झरे थांबत नाहीत. पाणी उतरलं, तळ दिसला म्हणून संध्याकाळी मोटार बंद करून घरी गेलं, तर सकाळी पाणी पुन्हा चढलेलं असतं. कोलेस्टेरॉलचा झरा आपल्या यकृतात आहे. खाण्यातून येतं ते थोडं, बरंचसं यकृत स्वतःच तयार करतं. ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, ते तयार करणारं एक एन्झाइम अडवते. तयार होणं कमी झालं की यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेतं. त्यासाठी ते आपल्या पेशींवर जास्तीचे रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडणारे हात, उभे करतं. या रिसेप्टरचा शोध लावणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोघा अमेरिकन डॉक्टरांना 1985 साली नोबेल मिळालं. गोळी थांबवली की काही आठवड्यांत सगळं मूळ जागी. तुमच्या हातातला नॉर्मल रिपोर्ट हा मोटार चालू असतानाचा तळ आहे.

एक माळकरी आबा माझ्याशी यावरून बराच वेळ बोलले होते. "पस्तीस वर्षं माळ आहे गळ्यात. अंड्याला शिवलो नाही. मला कसली चरबी?" त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. आपण नेमानं राहिलो तरी हे आपल्याला कसं, असं. आबांना मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते: यात तुमचं काही चुकलेलं नाही. काहींचं यकृत जन्मतःच जास्त तयार करतं किंवा रक्तातून कमी उचलतं. पथ्य आणि चालणं हवंच, पण स्टेंट असलेल्या माणसाला लागतो तेवढा उतार नुसत्या पथ्यानं सहसा येत नाही.

आता त्या "नॉर्मल" शब्दाकडे या. लॅबच्या कागदावर एलडीएलपुढे बहुतेक ठिकाणी 100 च्या आत असं छापलेलं असतं. तो आकडा सगळ्यांसाठी एकच छापतात, कारण मशीनला तुमच्या छातीतला स्टेंट माहीत नसतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं 2024 साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत जास्त धोका असलेल्यांसाठी एलडीएल 70 च्या खाली आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या फार जास्त धोक्याच्या माणसांसाठी 55 च्या खाली असावं असं म्हटलंय. म्हणजे तुमचा आकडा 92 असेल तर कागदावर तो ठळक होत नाही, लॅबवाला नॉर्मल म्हणतो, घरचे पेढे आणतात, आणि तुमच्यासाठी मात्र तो अजून खाली यायचा असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट, जी मला स्वतःला समजायला बरीच वर्षं लागली: ही गोळी आकड्यासाठी देतच नाहीत. ती पुढच्या अटॅकच्या धोक्यासाठी देतात. 2002 साली ब्रिटनमध्ये वीस हजारांहून जास्त, नेमके 20,536, धोक्यातल्या माणसांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचं एलडीएल सुरुवातीलाच 100 च्या आसपास किंवा आत होतं, त्यांनाही स्टॅटिनचा तसाच फायदा झाला. म्हणून तुमचा रिपोर्ट आधीपासून नॉर्मल असतानाही डॉक्टरांनी ही गोळी लिहिली असेल, तर ती चूक नसते. "माझं कोलेस्टेरॉल कधी वाढलंच नव्हतं, मग ही कशाला?" असं विचारत चिठ्ठी परत करणारे साखरेचे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात.

आता एका गुरुजींची गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जातं.

मेडिकल सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील. बाजाराचा दिवस, काउंटरपुढे तीन रांगा. निवृत्त गुरुजी, वर्षभरापूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलेला. रिपोर्ट पुढे करून त्यांनी हाच प्रश्न विचारला. मी कागदावर नजर टाकली, "चांगला आलाय की, बंद करायचं का ते डॉक्टरांना विचारा," म्हणाले आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली. गुरुजींनी त्यातलं "चांगला आलाय" तेवढं ऐकलं. मिरजेला जायचं म्हणजे अख्खा दिवस आणि फी, तेही एवढ्याशा प्रश्नासाठी. ते गेले नाहीत. रक्त पातळ व्हायची गोळी नेत राहिले, ही बंद केली, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. आठ-नऊ महिन्यांनी त्यांचा मुलगा नवी चिठ्ठी घेऊन आला. दुसरा अटॅक, दुसरा स्टेंट.

गोळी चालू असती तर हे झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच म्हणता येत नाही. 1994 साली स्कँडिनेव्हियातल्या देशांत 4,444 हृदयरोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. पाच वर्षांहून थोडा जास्त काळ गेल्यावर औषधाविना गोळी घेणाऱ्यांतले 256 जण गेले होते आणि औषध घेणाऱ्यांतले 182. गोळी घेऊनही 182 माणसं गेली, हे खरं आहे. पण 256 आणि 182 यांच्यामधली चौऱ्याहत्तर माणसंही खरी आहेत. गुरुजी त्या चौऱ्याहत्तरांतले ठरले असते की नाही, हे कळायला मार्ग नाही. मला टोचतं ते वेगळंच: त्यांना तो निर्णय समजून घेता आला असता, त्याला पाच मिनिटं लागली असती, आणि ती मी दिली नाहीत.

गोळी सोडणाऱ्यांची कारणंही मी ऐकलीत, आणि त्यांतली बरीचशी खरी असतात.

पहिलं कारण अंगदुखी. "ही गोळी सुरू केल्यापास्नं पिंढऱ्या भरून येतात." कुणी असं म्हटलं की मी ते उडवून लावत नाही. स्टॅटिननं स्नायू दुखू शकतात. क्वचित कुणाला गंभीर त्रास होतो. स्नायू फार दुखायला लागले, हातपाय उचलेनासे झाले किंवा लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घशाच्या इन्फेक्शनला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून आलं, तर तुम्ही आधी कोणती स्टॅटिन घेता ते मला आणि डॉक्टरांना सांगायचं, कारण काही स्टॅटिनबरोबर ते घेतलं की रक्तात त्या स्टॅटिनचं प्रमाण वाढतं. पण साध्या अंगदुखीबद्दल लंडनच्या इम्पिरियल कॉलेजनं 2020 मध्ये जे दाखवलं ते ऐकण्यासारखं आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली साठ माणसं त्यांनी घेतली. वर्षातले चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली, चार महिने काहीच नाही. कोणत्या महिन्यात खरी आणि कोणत्या महिन्यात खोटी, ते त्यांना सांगितलं नव्हतं. गोळीच नसलेल्या महिन्यांत त्रास कमी. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जास्त. पण खोट्या गोळीच्या महिन्यांतही जवळजवळ तितकाच. खऱ्या गोळीचा म्हणून जो त्रास वाटत होता, त्यातला 90 टक्के खोट्या गोळीनंही होत होता. म्हणजे त्यांना दुखत नव्हतं असं नाही, दुखत होतंच. पण दुखण्याचं मूळ बहुतांशी गोळी घेण्याच्या धास्तीत होतं. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. तेव्हा दुखलं तर सोडून देऊ नका, बोला. डोस कमी करता येतो, दुसरी स्टॅटिन देता येते, वेगळ्या वर्गातली औषधंही आहेत.

साखर वाढते का? किंचित वाढू शकते. 255 माणसांनी चार वर्षं स्टॅटिन घेतली तर त्यांतल्या एकाला जास्तीचा मधुमेह होतो, असं तेरा अभ्यास एकत्र करून 2010 मध्ये काढलेलं आहे. हृदयाचा धोका मोठा असेल तर हा सौदा तुमच्या बाजूचाच आहे.

"इंग्रजी गोळी उष्ण पडते, काही नैसर्गिक द्या की," असंही ऐकते. आपल्या भागात बुरशी म्हटलं की पोटात गोळा येतो. भुरी आणि डाऊनी या रोगांपायी द्राक्षाची अख्खी बाग हातची जाते. पण ही गोळी सापडली ती बुरशीतच. जपानमधल्या शेतकरी घरातले अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ दोन वर्षं सहा हजारांहून जास्त बुरश्या तपासत बसले होते, आणि 1973 साली भातावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन मिळालं. अमेरिकेत 1987 मध्ये विक्रीला आलेली पहिली गोळीही बुरशीतूनच काढलेली. आजच्या अटोरवास्टॅटिन-रोझुवास्टॅटिन या गोळ्या कारखान्यात तयार होतात, काम मात्र त्याच रस्त्यानं करतात. एंडो 2024 साली नव्वदीत गेले. त्या दिवशी दुकानात मला एकटीलाच वाईट वाटलं असेल, पण वाटलं.

आणि शेवटचं कारण, जे कुणी तोंडानं बोलत नाही, ते पैसे. ऑक्टोबर छाटणीनंतर औषध, मजुरी, खतं यांतच सगळं जातं, आणि बेदाण्याचे पैसे हातात यायला पुढचा उन्हाळा उजाडतो. त्या महिन्यांत माझ्याकडची ही पाकिटं कमी खपतात. साखरेची गोळी चुकवली तर चक्कर येईल अशी भीती असते, बीपीची चुकवली तर डोकं दुखेल अशी. चरबीची गोळी चुकवली तर काहीच जाणवत नाही, म्हणून पहिली कात्री तिलाच. अडचण असेल तर सरळ सांगा. जनऔषधी केंद्रात हेच औषध पुष्कळ स्वस्त मिळतं, आणि ते माझ्याकडून न घेता तिथून घेतलंत तरी मला चालेल. एक सांभाळा: काहींना कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ व्हायची औषधं एकाच कॅप्सूलमध्ये दिलेली असतात. "चरबीची" म्हणून तीच थांबवली तर स्टेंटची राखण करणारं औषधही थांबतं, आणि ते फार धोक्याचं आहे.

हे आपल्याच गावाचं दुखणं नाही. 17 देशांतल्या दीड लाखावर लोकांची पाहणी 2011 मध्ये छापून आली, त्यात भारतही होता. अटॅक किंवा लकवा येऊन गेलेल्यांपैकी श्रीमंत देशांत 66.5 टक्के लोक स्टॅटिन घेत होते. आपण ज्या गटात होतो, तिथं 3.3 टक्के. शंभरात तीन. आणि दुसऱ्या एका अभ्यासात पहिल्या अटॅकचं वय दक्षिण आशियात साधारण 53 निघालं, बाकी जगात 58-59. माझ्या काउंटरवर स्टेंटची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांत चाळिशीतली पोरं दिसतात, तेव्हा हे आकडे आठवतात.

गुरुजींच्या दुसऱ्या स्टेंटनंतर मी एक वही केली. पहिलं नाव त्यांचंच. ज्यांना अटॅक येऊन गेलाय, त्यांचं नाव, फोन आणि पाकीट संपायची तारीख. तारीख उलटून आठवडा झाला की मी फोन करते. काही जण वैतागतात, काही जण म्हणतात विसरलो होतो, आणि काही जण थोडा वेळ गप्प राहून म्हणतात, "ताई, बंद केलीय." त्यांना मी दुकानात बोलावते. गुरुजी अजून येतात, महिन्याच्या पाच तारखेला, आणि वहीत खूण केल्याचं बघून मगच पायरी उतरतात.

तेव्हा तुम्हीही तुमचा रिपोर्ट घेऊन या. अँजिओचा जुना कागद असेल तर तोही आणा. एलडीएलची ओळ आपण मिळून बघू आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून देते. दुपारी दोन ते चार या. तेव्हा गर्दी नसते.