लसूण लावताना सापडलेली काच

गेल्या ऑक्टोबरात मागच्या अंगणात लसूण लावायला वाफा खणत होते. वीतभर खाली खुरप्याला काहीतरी कर्रकन लागलं. माती झटकली तर काच. जाड, निळसर, एका कडेला वितळून गोळा झालेली. घरमालकीणबाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "टाकू नकोस. आमच्या नॉर्थ एंडला परसात खणलं की त्या मोठ्या स्फोटातलं हे निघतंच." त्यांच्या खिडकीत अशा तुकड्यांची अख्खी बरणी आहे.

कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहराच्या या उत्तर भागात मी राहते ती वस्ती हायड्रोस्टोन म्हणून ओळखली जाते. ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी घरं बांधली, त्यांचंच हे नाव. स्फोटानंतर आगीची दहशत बसलेल्या लोकांसाठी न पेटणारी घरं हवी होती, म्हणून लाकडाऐवजी हे ठोकळे.

६ डिसेंबर १९१७. महायुद्ध चालू होतं. माँ-ब्लाँ हे फ्रेंच जहाज पोटात स्फोटकं आणि डेकवर बेंझॉल या ज्वालाग्राही द्रवाची पिंपं घेऊन हॅलिफॅक्सच्या बंदरात येत होतं. नॉर्वेचं इमो हे जहाज चुकीच्या बाजूने बाहेर निघालं होतं. बंदराच्या चिंचोळ्या भागात, नॅरोजमध्ये, दोन्ही धडकली आणि बेंझॉल पेटलं. खलाशी होड्यांतून निघून गेले, जहाज जळत जळत हॅलिफॅक्सच्या धक्क्याला लागलं. वीसेक मिनिटं ते जळत होतं आणि लोक हातातलं काम टाकून खिडक्यांशी येऊन बघत होते. या सगळ्या हकिकतीत मला ते खिडकीशी उभं राहणंच सहन होत नाही. ९ वाजून ४ मिनिटांनी स्फोट झाला. सुमारे २,००० माणसं गेली, ९,००० जखमी झाली, शेकडोंच्या डोळ्यांत काचा घुसल्या. दुसऱ्या दिवशी त्यावर हिमवादळ. बोस्टनहून मदतीची आगगाडी स्फोटाच्या रात्रीच निघाली होती. त्याची आठवण ठेवून आमचा नोव्हा स्कोशिया प्रांत आजही दर नाताळला बोस्टनला एक मोठं झाड पाठवतं.

हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. समोरच्या काठावर, टफ्स कोव्हला, इथले मूळ रहिवासी असलेल्या मिगमाव लोकांची वस्ती होती. तीही त्याच सकाळी उद्ध्वस्त झाली, पण तिच्यासाठी कुणी ठोकळे पाडले नाहीत. हे बंदर मुळात त्यांचं. त्यांच्या भाषेत ते किजिपुक्तुक, म्हणजे मोठं बंदर. १७४९ साली ब्रिटिश अधिकारी एडवर्ड कॉर्नवॉलिस वसाहतवाल्यांना घेऊन उतरला आणि त्याच वर्षी त्याने मिगमाव माणसाच्या मुंडक्याच्या कातडीवर बक्षीस लावलं. त्याचा पुतळा २०१८ पर्यंत गावात उभा होता. मूळ नाव मात्र इंग्रजी तोंडी बदलून चेबक्टो रोड अशा रस्त्यांच्या पाट्यांवर तेवढं उरलंय.

काच सापडली त्या रविवारी मी आफ्रिकव्हिलला गेले. आमच्या घरापासून उत्तरेला, बेडफर्ड बेसिनच्या काठी, चालत जाता येतं. कृष्णवर्णीयांचं हे गाव एकोणिसाव्या शतकापासून तिथं होतं. शहराचा कर ते भरत होते, पण त्यांना ना नळ मिळाला, ना गटार. रेल्वेचे रूळ त्यांच्या घरांमधून गेले. पुढे शहराने कचऱ्याचं आगार शेजारी आणलं, आणि मग वस्ती घाणेरडी म्हणून १९६०च्या दशकात ती पाडायला घेतली. लोकांचं सामान हलवायला कचऱ्याच्या गाड्या पाठवल्या. १९६७ मध्ये त्यांचं चर्च रातोरात पाडलं. हे वाचून माझ्या पोटात अजून कालवतं. शहराने माफी मागितली ती २०१० साली.

त्या चर्चसारखीच इमारत आता नव्याने बांधली आहे. तिथं संग्रहालय आहे. आत एक आजोबा एकटेच बाकावर बसले होते. मी नमस्कार केला तशी सरकून जागा दिली. मग खिडकीबाहेर बोट दाखवून सांगू लागले: ते झुडूप आहे ना, तिथं आमची विहीर. त्याच्या डावीकडे मावशीचं घर. इथून खाली पळत गेलं की थेट पाण्यात उडी. बाहेर नुसतं गवत होतं आणि वर पुलावरून गाड्या जात होत्या. ते एकेक घर मोजत होते, आणि प्रत्येक घरात कोण राहायचं ते सांगून झाल्याशिवाय बोट पुढच्यावर नेत नव्हते.